वेगळे ताट, एकच रेझर

कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जातो का, या प्रश्नाचे उत्तर मला हवे होते. प्रश्न मुळात माझा नव्हता, माझ्या नणंदेचा होता. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका सकाळी गवार मोडता मोडता त्यांनी तो विचारला आणि वर म्हणाल्या, "एवढी वर्षं विज्ञान शिकवलंस ना? मग सांग." मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. 'कर्करोग संसर्गजन्य नाही' हे वाक्य मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिले आहे. ते वाक्य तेव्हा बरोबर होते, आजही बरोबर आहे. पण आमच्या घरात त्या दिवशी जी अडचण उभी होती, ती सोडवायला ते एक वाक्य पुरेसे नव्हते.

अडचण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझे यजमान यकृताच्या कर्करोगाने गेले. ते बँकेत नोकरीला होते. दारू सोडाच, त्यांनी कधी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही. भेटायला येणारा प्रत्येक माणूस चौकशी करताना थोडा घुटमळत असे, आणि आम्हांला कळे की आता तो प्रश्न येणार. एका दूरच्या नातेवाइकांनी तो स्पष्टच विचारला, "घेत होते का हो?" माझ्या नणंदेने, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहिणीने, आमच्या वन्संनी, लगेच उत्तर दिले, "घ्यायचा की! दिवसातून चार वेळा. बिनसाखरेचा चहा." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

निदान झाले तेव्हा रोग फार पुढे गेलेला होता. रोगाचे नाव तेवढे कळले, कारण शोधण्याइतका वेळ त्याने दिला नाही. वन्सं तरुणपणीच विधवा झाल्या होत्या आणि पुष्कळ वर्षांपासून आमच्याकडेच राहत होत्या. भावाच्या आजारात त्यांनी त्याचे ताट, वाटी आणि पेला वेगळा ठेवला होता. उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत त्या नेहमीच कडक. आमच्या घरात पाणी वरून प्यायचे, भाजीची चव पळी ओठांना न लावता तळहातावर घेऊन बघायची, आणि पाहुण्यांच्या मुलाने अर्धे खाल्लेले बिस्कीट डब्यात परत ठेवले तर तो सगळा डबा मोलकरणीला द्यायचा.

मुलगा तेव्हा नुकताच कामाला लागला होता. बुधवार पेठेत त्याचे लहानसे दुकान आहे. तिथे तो अँप्लिफायर आणि लाउडस्पीकर दुरुस्त करतो. वायरी सोलणे, पत्रे कापणे, सोल्डरिंगचे डाग देणे हे रोजचेच, त्यामुळे त्याच्या बोटांना कायम काही ना काही लागलेले असते. वडील गेल्यावर त्याने त्यांच्या वस्तूंपैकी एकच वस्तू मागून घेतली. तो त्यांचा दाढीचा जुना, जड, धातूचा रेझर होता. दांडी फिरवली की वरची दोन झाकणे उघडतात आणि आत पाते बसते, तसला. 'बाबांच्या हातातलं आहे' असे तो म्हणाला आणि रोज त्यानेच दाढी करू लागला. न्हाणीघरातल्या फळीवर त्याची जागा ठरलेली होती.

काही वर्षे गेली. मुलीचे लग्न झाले, तिला मुलगी झाली. बाळंतपण आमच्याकडेच झाले. मामा दुकानातून आला की हातपाय धुऊन आधी भाचीला घेत असे.

त्या वर्षी गणपतीत मुलाने मंडळाच्या शिबिरात रक्तदान केले. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की येऊन भेटा. तो भेटून आला, चप्पल काढली आणि उभ्यानेच सांगितले, "माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय. ब प्रकारची कावीळ. पुढे लिव्हरचं दुखणं होऊ शकतं म्हणाले, कॅन्सरसुद्धा." त्याला काहीही होत नव्हते. डोळे पांढरे स्वच्छ, भूक चांगली. पण आम्हां तिघांनाही एकदमच त्याच्या वडिलांची आठवण झाली.

त्या दिवसापासून त्याने भाचीला घेणे बंद केले. वन्संनी माळ्यावरून भावाचे ते वेगळे ताट, वाटी आणि पेला काढला. मुलानेही विरोध केला नाही. उलट आपले ताट उचलून तो खिडकीजवळच्या स्टुलावर जेवू लागला. डॉक्टरांकडे जा म्हटले की म्हणे, "नवरात्र होऊ दे आई, सगळे साउंडवाले माझ्याच डोक्यावर बसलेत." नवरात्र संपले, दिवाळी आली.

दिवाळीत मुलगी आणि जावई दोन दिवस राहायला आले. जावई आपले दाढीचे सामान विसरले होते. वन्संनी आग्रहाने तो रेझर त्यांच्या हातात दिला. "सासऱ्यांचा आहे. पातं कालच नवीन घातलंय, एका दाढीनं काय झिजत नाही ते." जावई गुळगुळीत होऊन फराळाला बसले. मुलगा आपली चकली वेगळ्या वाटीत घेऊन स्टुलावर बसला. माझ्यासकट कोणालाही त्यात काही चुकले असे वाटले नाही. हे मी मुद्दाम इथे लिहिते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

निघताना मुलीने उष्टावणाचा विषय काढला. बाळाला पहिला घास मामाने भरवायचा असतो. मामाच्या मांडीवर बाळ बसते, खीर असते आणि मामाने आणलेली चांदीची वाटी असते. मुलीला विषम महिन्यात भरवतात, म्हणून सातव्या महिन्यातला दिवस ठरला होता.

"दुसऱ्या कुणाला तरी बसव," मुलगा म्हणाला.

"मला दुसरा भाऊ आहे का? असेल तर पत्ता दे, निमंत्रण पाठवते," मुलगी म्हणाली.

"थट्टा नको. हे बघ," त्याने दोन्ही हात पुढे केले. एका बोटाला पट्टी होती, दुसऱ्यावर ताजा ओरखडा. "ह्या हातानं भरवू तिला?"

मुलीने बाळाची पिशवी खांद्याला लावली. ती गेल्यावर कपाटात चादरी ठेवताना मला लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाची पिशवी दिसली. आत चांदीची वाटी आणि इवलासा चमचा होता. त्याने हे सगळे गणपतीच्या आधीच आणून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी गवार मोडता मोडता तो प्रश्न विचारला. त्यांना खरे तर एवढेच जाणून घ्यायचे होते, की त्यांच्या भाच्याने ती चांदीची वाटी वापरायची की नाही.

मी पुस्तके काढली. पण पाठ्यपुस्तक साधारण माणसाविषयी बोलते आणि मला एका विशिष्ट माणसाविषयी विचारायचे होते. म्हणून यकृताच्या तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ घेतली. वन्सं म्हणाल्या, "मीही येते. तू तुला पाहिजे तेवढंच ऐकशील."

डॉक्टर तरुण होत्या. वन्संनी माझ्या कानाशी येऊन "हिचं शिक्षण पुरं झालंय का?" असे जे विचारले, ते बहुधा डॉक्टरांनाही ऐकू गेले. त्या हसल्या. त्यांनी मुलाला तपासले, रक्ताच्या आणखी चाचण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली, वडिलांच्या आजाराची माहिती घेतली. मग विचारले, "घरात काय काळजी घेता?"

वन्संनी मान ताठ केली. "ताट वेगळं, वाटी वेगळी, पेला वेगळा. सगळं उकळत्या पाण्यातून काढते. एक कण इकडचा तिकडे होत नाही आमच्यात."

"बरं. आणि दाढीचं सामान?"

"म्हणजे?"

"रेझर. कुणाचा आहे, कोण वापरतं?"

"बाबांचा होता. मी वापरतो," मुलगा म्हणाला.

"आणखी कुणी?"

मुलगा आठवू लागला. वन्सं आधी माझ्याकडे पाहत राहिल्या, मग टेबलाकडे. मग अगदी हळू म्हणाल्या, "जावई. दिवाळीत. मीच दिला."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी कागद पालथा घातला आणि सांगू लागल्या, "आजी, हा विषाणू रक्तातून जातो. शरीरसंबंधातून जातो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यातून प्यायल्यानं, मांडीवर घेतल्यानं जात नाही. पण दाढी करताना बारीक कापतं. डोळ्यांना न दिसणारं रक्त पात्यावर राहतं, आणि त्यात हा विषाणू काही दिवस टिकतो. तेव्हा ताट एक करा आणि रेझर वेगळा करा. नेलकटर आणि टूथब्रशसुद्धा."

"म्हणजे आम्ही नेमकं उलटं केलं," वन्सं म्हणाल्या.

"काळजी भरपूर घेतलीत. फक्त जागा चुकली," डॉक्टर म्हणाल्या.

मग मी उष्टावणाचे विचारले. त्यांनी पहिला प्रश्न केला, बाळाला जन्मल्याबरोबर आणि नंतर ठरल्या वेळी लसी दिल्या का. दिल्या होत्या, त्यांत या विषाणूची लसही असते. बाळाच्या आईची गरोदरपणात तपासणी झाली होती आणि तिच्या रक्तात हा विषाणू नव्हता. "मग भरवू द्या की मामाला. बोटाला उघडी जखम नसावी, असली तर पट्टी लावा. बस," त्या म्हणाल्या. मुलगा खाली पाहत होता. त्याने फक्त एवढेच विचारले, "नक्की?" त्यांनी सांगितले, "नक्की."

जाताना त्यांनी बजावले की घरातल्या सगळ्यांनी आणि जावयांनी रक्त तपासून घ्यावे, आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांनी लस घ्यावी. मुलाचे लग्न ठरेल तेव्हा होणाऱ्या बायकोला हे आधी सांगायचे आणि तिला लस द्यायची. वन्सं दारातून परत फिरल्या. "मला कशाला तपासणी? मी काय दाढी करते?" डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या वडिलांच्या सख्ख्या बहीण ना? मग तुम्ही आधी."

जावयांना फोन करणे मला सर्वांत जड गेले. मी वाक्ये मनात जुळवून ठेवली होती, पण अर्ध्यातच ते म्हणाले, "आई, कळलं. उद्या तपासून घेतो. आणि आत्यांना सांगा, दाढी छान झाली होती." त्यांची पहिली तपासणी निर्दोष निघाली. त्याच दिवशी त्यांनी लस सुरू केली, आणि काही महिन्यांनी सांगितल्याप्रमाणे केलेली दुसरी तपासणीही निर्दोष आली. माझ्या रक्तातही काही नव्हते. मीही दंडावर सुई टोचून घेतली.

वन्संच्या तपासणीने मात्र आम्हांला विचारात पाडले. त्यांच्या रक्तात विषाणू नव्हता, पण तो कधीतरी येऊन गेल्याची खूण होती. शरीराने त्याला ओळखले होते, घालवले होते आणि ती ओळख जपून ठेवली होती. कधी ते कळायला मार्ग नाही. बहुधा लहानपणी, जेव्हा गावच्या दवाखान्यात एकच सुई अनेकांना चाले आणि न्हावी एकाच वस्तऱ्याने सगळी आळी भादरत असे. खात्रीने मी काहीच सांगू शकत नाही. पण बहीणभावांना एकाच घरात तो भेटला असेल, बहिणीच्या शरीरातून तो निघून गेला असेल, भावाच्या शरीरात राहिला असेल आणि पुढे घरातल्या घरात त्यांच्याकडून मुलाकडे आला असेल, असे समजायला जागा आहे.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी वन्संनी विचारले, "माझ्यातून निघून गेला, त्याच्यात राहिला. बरं. पण कावीळ ती कावीळ. तिचा कॅन्सर कसा होतो?"

हा खरा प्रश्न होता. उत्तर द्यायला मला शाळेतलीच गोष्ट आठवली. मी म्हटले, "वन्सं, वर्गात मुलं फळ्यावरचा धडा उतरवून घेतात. एका मुलाच्या वहीवरून दुसरा, दुसऱ्याच्या वहीवरून तिसरा, असं उतरवत गेलं तर?"

"चुका होणार. तुझा मुलगा तर फळ्यावरूनच चुकीचं उतरवायचा."

"आत्या!" मुलगा म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो हसत होता.

"आपल्या प्रत्येक पेशीत असा एक धडा असतो," मी पुढे सांगितले. "कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. पेशीच्या दोन पेशी होताना तो धडा उतरवावा लागतो. हा विषाणू यकृतात राहिला की शरीर त्याला मारायला जातं आणि त्याच्याबरोबर आपल्याच पेशी मरतात. मेलेल्यांच्या जागी नव्या पेशी तयार होतात. पुन्हा मरतात, पुन्हा होतात. वर्षानुवर्षं धडा उतरवणं चालूच. यकृतावर व्रण पडत जातात. शिवाय हा विषाणू कधीकधी आपल्या स्वतःच्या दोन ओळी त्या धड्यात मध्येच घुसडतो. असं होता होता एखाद्या पेशीत 'थांब' हे वाक्यच पुसलं जातं. ती वाढत सुटते. तो कर्करोग."

"आणि ती पेशी दुसऱ्याकडे जाते?"

"नाही. विषाणू जातो. कर्करोग जात नाही. तो ज्याचा त्याच्या शरीरात तयार होतो, आणि तोही विषाणू असलेल्या सगळ्यांना होत नाही. पुष्कळांना कधीच होत नाही. विषाणू एक कारण, त्याच्या जोडीला आणखी कारणं लागतात, आणि बराच काळ लागतो."

मुलाने पेला खाली ठेवला. "म्हणजे त्या काळात लक्ष ठेवता येतं."

"त्यासाठीच तर सोनोग्राफी. ठरलेल्या वेळी, न चुकता. विषाणू वाढला तर त्याला दाबणारं औषधही आहे. बाबांच्या वेळी कुणी पाहतच नव्हतं."

वन्संनी आणखी विचारले, असे करणारे इतर विषाणू आहेत का. मी सांगितले की आहेत, थोडेच पण आहेत. क प्रकारच्या काविळीचा विषाणू यकृताला असाच त्रास देतो. बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो, त्यामागेही बहुतेक वेळा एक विषाणूच असतो. त्यावरही लस आहे, मुली वयात येण्याच्या सुमारास देतात.

"म्हणजे नातीला आणखी एक टोचणार?"

"हो, मोठी झाल्यावर."

"टोचा बाई," वन्सं म्हणाल्या. "माझ्या भावाला ती काविळीची मिळाली असती तर." मग त्या उठल्या आणि ओट्यावर काहीतरी आवरू लागल्या.

मुलाच्या पुढच्या तपासण्या समाधानकारक आल्या. यकृत चांगले होते आणि विषाणू शांत होता. डॉक्टरांनी औषध सुरू केले नाही, फक्त पुढच्या तारखा दिल्या. आता त्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असतात, एकादशी आणि संकष्टीच्या शेजारी, वन्संच्या अक्षरात.

उष्टावणाच्या आदल्या आठवड्यात मुलाने दुकानात वायरी सोलायचे काम दुसऱ्यांना दिले. त्या सकाळी तो नवा सदरा घालून तयार झाला तेव्हा वन्सं उजेडात उभ्या होत्या, चष्मा नाकावर घेऊन.

"हात दाखव. पालथे. आता उताणे. नखं?"

"आत्या, मी तिशीला आलोय."

"मग लाज वाटू दे. ही डाव्या अंगठ्याची काय भानगड?"

"जुनं आहे. भरलंय."

"पट्टी लाव."

शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर मी अशीच नखे तपासत असे. त्यांच्याइतकी बारकाईने तपासत होते की नाही, याची मला शंका आहे.

जावयांच्या घरी मंडळी जमली होती. पाट मांडला, समई लावली. मुलगा बसला आणि मुलीने बाळ त्याच्या मांडीवर ठेवले. गणपतीनंतर तो प्रथमच तिला घेत होता. सुरुवातीला त्याने तिला असे धरले होते, जणू तापलेले यंत्र आहे. तिने त्याच्या सदऱ्याचे बटण मुठीत पकडले आणि ती वर पाहू लागली. त्याने चांदीच्या चमच्यातून खिरीचा ठिपका तिच्या ओठांवर ठेवला. तिने तोंड वाकडे केले, विचार केला, चाटले आणि मग चमच्यावर अशी झडप घातली की अर्धी खीर मामाच्या सदऱ्यावर गेली. मुलगी म्हणाली, "दादा, आता पुरे," पण तो थांबायला तयार नव्हता.

वाटीत थोडी खीर उरली. ती कोणी घ्यायची, असा प्रश्न मुलीच्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर दिसला. मुलाने वाटी तोंडाला लावली आणि संपवली. वन्सं पाहत होत्या. त्यांनी एक शब्द काढला नाही. आमच्या घराची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना याचा अर्थ कळेल.

घरी परतल्यावर संध्याकाळी त्यांनी खिडकीजवळचे स्टूल उचलून गॅलरीत ठेवले आणि त्याच्यावर तुळशीची कुंडी मांडली. टेबलावर चार ताटे सारखी लावली. चौथे कोणासाठी, असे मी विचारले. म्हणाल्या, "मोजायला चुकले. राहू दे, कुणी आलं तर." वडिलांचा रेझर आता मुलाच्या खोलीत, झाकणाच्या डब्यात असतो. फळीवर पाहुण्यांसाठी नव्या, न फोडलेल्या रेझरांचे पाकीट आहे. जावई आले की वन्सं ते स्वतः फोडून देतात आणि वापरून झाल्यावर टाकून दिला की नाही हेही पाहतात.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे की कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. काही विषाणू जातात, ते काही जणांच्या शरीरात मुक्काम करतात आणि पुष्कळ वर्षांनी कर्करोगाला वाट करून देऊ शकतात. ती वाट बऱ्याच अंशी अडवता येते.

हे मी सांगते म्हणून मानू नये. आपल्या डॉक्टरांना विचारावे, घरातल्या सर्वांचे रक्त एकदा तपासून घ्यावे, आणि तोपर्यंत आपल्या न्हाणीघरातल्या फळीवर किती रेझर आहेत आणि ते कोण कोण वापरते, हे कृपया स्वतः जाऊन पाहावे.